चार किलो तीनशे पन्नास

१

याकोव फ्रीझेननं गिटार दोन्ही हातांनी उचलली, एकदा वरखाली केली आणि टेबलावर परत ठेवून दिली.

"ही सुयुनची नाही," तो म्हणाला.

आम्ही पाचसहा जण उभे होतो, ते हसलो. माणूस एकतीस वर्षांनी जर्मनीहून बिश्केकला आलेला, प्रवासाचा शीण, जुन्या आठवणी; होतं असं एखाद्याचं. सुयुन कासिमोवची इलेक्ट्रिक गिटार आमच्या संग्रहालयात अठ्ठावीस वर्षं आहे. शाळेच्या सहली तिच्यासाठी येतात. काचेखालच्या पाटीवर लिहिलंय: 'तेरीस्केय' या रॉक बँडचा गायक सुयुन कासिमोव याची गिटार, स्वतः घडवलेली, जर्दाळूचं लाकूड. आमचं कोमुझ, म्हणजे तीन तारांचं जुनं वाद्य, जर्दाळूच्या लाकडाचं करतात. सुयुननं त्याच लाकडाची इलेक्ट्रिक गिटार केली, ही गोष्ट आमच्या शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. आता त्याच्या साठाव्या वाढदिवसाचं प्रदर्शन उघडायचं होतं, आणि त्या दिवशी ही गिटार वाजवायला बँडमधला एकटा उरलेला माणूस म्हणून फ्रीझेनला बोलावलं होतं. तो बँडमध्ये बेस वाजवायचा.

"मान त्याचीच आहे," फ्रीझेन म्हणाला. "कारखान्यातल्या गिटारची काढून लावली होती. हा चरा माझ्या हातून पडलाय. पण धड त्याचं नाही. त्याचं धड गळ्यात अडकवून दोन गाणी वाजवली की खांदा भरून यायचा."

लाकडी वस्तूंच्या दुरुस्तीचं काम आमच्याकडे एलनुरा बघते. तिनं मागचे चार स्क्रू काढले आणि मान धडावेगळी केली. सांध्याच्या खाचेत निळा रंग पोचलेला नव्हता, आतलं लाकूड उघडं होतं. जर्दाळूचं लाकूड तांबूस असतं. हे पांढरंफटक पॉप्लर होतं, आमच्या रस्त्यांच्या कडेनं रांगेत उभं असतं ते.

आता कोणी हसेना. आमचे संचालक तालाय एर्किनोविच यांनी मला कार्ड आणायला सांगितलं. मी जोलदोश इमानकुलोव, इथला मुख्य संग्रहपाल. ते कार्ड मीच १९९० च्या वसंतात लिहिलं होतं, सुयुन गेल्यावर त्याची आई आणि बहीण जिपार चादरीत गुंडाळून गिटार घेऊन आल्या त्या दिवशी. (जिपार तेव्हापासून दर नोरुझला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाला, माझ्यासाठी सुमोलोकची बरणी आणते. अंकुरलेले गहू रात्रभर ढवळून केलेली ती गोड लापशी माझी फार आवडती. मला का, हे मी कधी विचारलं नाही. वाटायचं, आपल्या कामाची कदर आहे.)

कार्डावर माझ्या सुबक अक्षरात होतं: लाकूड जर्दाळू, वजन चार किलो तीनशे पन्नास ग्रॅम. एलनुरानं मान परत जोडली आणि गिटार काट्यावर ठेवली. दोन किलो नऊशे दहा.

"म्हणजे नव्वदनंतर कोणीतरी धड बदललं," संचालक म्हणाले. "ही इमारतीबाहेर कधी गेली होती?"

मी नोंदवही उघडली. अठ्ठावीस वर्षांत एकच नोंद होती. जानेवारी २०१२, साफसफाईसाठी तीन आठवडे घरी नेली. खाली एलनुराची सही होती.

२

कोणाला वाटेल, दर वर्षी तपासणी होते, मग इतकी वर्षं कळलं कसं नाही? याचं उत्तर लाजिरवाणं आहे, आणि या हकिगतीतलं ते सगळ्यात कमी लाजिरवाणं आहे. आम्ही वस्तू बघत नाही, क्रमांक बघतो. प्रत्येक वस्तूवर चटकन दिसणार नाही अशा जागी बारीक अक्षरात क्रमांक घातलेला असतो. गिटारचा क्रमांक मी मानेच्या शेंड्यामागे घातला होता. दर डिसेंबरात पेटी उघडायची, शेंडा वळवायचा, क्रमांक वाचायचा, यादीत खूण करायची. खाली धडाच्या जागी कलिंगड बांधलेलं असतं तरी माझी खूण झालीच असती.

तो सोमवार होता. संचालकांनी जाहीर केलं की शुक्रवारी समिती बसेल आणि त्यानंतर कागद पोलिसांकडे जातील. तोवर एलनुरानं कार्यशाळेच्या किल्ल्या परत करायच्या. तिचा नवरा इथल्याच ओश बाजाराजवळ वाद्यांची दुरुस्ती करतो. लोकांना तेवढं पुरलं. दुपारपर्यंत लोकांच्या तोंडी ते धड परदेशी शौकिनाला विकून झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी एलनुराच्या सासूनं शेजारच्या बारशाला जायचं रद्द केलं. तोंड कुठे दाखवायचं, असं ती म्हणाली म्हणे.

एलनुराला अकरा वर्षांपूर्वी मीच निवडलं होतं. ती मला बाइके म्हणते, म्हणजे दादा, आणि नुसतं तोंडदेखलं नाही. किल्ल्या माझ्याकडे द्यायला आली तेव्हा तिचा आवाज अगदी शांत होता.

"बाइके, त्या वर्षी कार्यशाळेतले गरम पाण्याचे नळ फुटले होते. तुम्हीच म्हणालात, घरी ने."

"आठवतंय," मी म्हणालो.

"तुम्ही तोललीत तेव्हा ती चार किलोच्या वर होती. मग मी नेली आणि आणली. मधे दुसरं कोणीच नाही. सकाळपासून मलाच वाटायला लागलंय, की मीच काहीतरी केलं आणि विसरले."

मी तिला घाबरू नकोस म्हणालो. बघू, काहीतरी निघेल, असंही म्हणालो.

आता ते सांगून टाकतो. मी ती गिटार कधी तोललीच नव्हती.

काटा तळघरात होता. तळघराची किल्ली ज्या बाईकडे असायची ती रजेवर होती. मी सव्वीस वर्षांचा होतो, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि खाणावळीत लग्मान, म्हणजे रश्शातल्या जाड शेवया, संपायची वेळ झाली होती. टेबलावर एका युवक वर्तमानपत्राचं कात्रण पडलं होतं. त्यात सुयुननं मुलाखतीत थट्टा केली होती, की माझी गिटार जन्मली तेव्हा चार किलो तीनशे पन्नास भरली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मी आकडा उतरवला, लाकडाचं नाव उतरवलं आणि जेवायला गेलो. सारा प्रकार अर्ध्या मिनिटाचा.

एक वाक्य बोललो असतो तर एलनुरा त्याच क्षणी सुटली असती. पण मी गेल्याच वर्षी ओश शहरी जाऊन तिथल्या नव्या संग्रहपालांना तीन दिवस शिकवून आलो होतो. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. त्यांनी ते वह्यांमध्ये उतरवून घेतलं होतं. मी एलनुराच्या किल्ल्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि मूग गिळून बसलो.

३

चौकशी हाती घेतली ती बुरुल एजेंनी. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, संताप आला म्हणून.

बुरुल एजे सहाव्या दालनात खुर्चीवर बसून मोजे विणतात. पगार त्याचाच मिळतो, म्हणजे खुर्चीवर बसून वस्तूंवर नजर ठेवण्याचा. वय शहात्तर. त्याआधी चौतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होत्या. अर्ध्या शहराला त्यांनी शिकवलंय, त्यात मीही आलो. ताईच्या नात्यानं सगळे त्यांना एजे म्हणतात, पण पुढे उभं राहिलं की माणूस नकळत शर्टाची बटणं तपासतो.

मंगळवारी त्यांनी फ्रीझेनला चहाला बसवलं आणि मला टिपणं घ्यायला. बोरसोकची थाळी त्याच्यापुढे सरकवली. तळलेले ते गोळे बघून त्याचे डोळे भरून आले, आणि एजेंनी ती संधी साधली. लाकूड कुठून आलं होतं, असं त्यांनी विचारलं.

फ्रीझेननं बराच वेळ चहा ढवळला. मग सांगितलं, की सुयुनचे वडील कासिम-उस्ता कोमुझ घडवायचे. जर्दाळूचे दोन ओंडके त्यांनी चौदा वर्षं आढ्याला सुकत ठेवले होते. १९७८ साली ते नारिनला लग्नाला गेले असताना सुयुननं ते उतरवले, कापले, जोडले आणि गिटार केली.

"विचारून?" एजे म्हणाल्या.

"नाही. आम्ही तेव्हा हसलो होतो. मीच शिडी धरली होती."

गिटार शेवटची कधी पाहिली, या प्रश्नाला त्यानं एप्रिल सत्त्याऐंशी सांगितलं. त्या महिन्यात तो घरच्यांबरोबर जर्मनीला गेला. जाणार हे वर्षभर ठाऊक होतं, पण सुयुनला त्यानं सांगितलं ते गाडी सुटायच्या आदल्या दिवशी. सुयुन स्टेशनवर आला नाही. पत्राला उत्तरही आलं नाही. सांगताना फ्रीझेन आमच्याकडे बघत नव्हता.

"म्हणजे सुयुन घाटातल्या बस अपघातात गेला तो एकोणनव्वदच्या ऑगस्टात," एजे म्हणाल्या. "मधली दोन वर्षं तो वाजवत होता आणि तुम्ही इथे नव्हता."

"नव्हतो," फ्रीझेन म्हणाला.

मग त्या उठल्या, गिटारपाशी गेल्या आणि मला टॉर्च धरायला लावला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी धडाची पुढची बाजू पाहिली. वरची कड पाहिली, जिथे वाजवणाऱ्याचा उजवा हात टेकतो. तिथे अंगठा फिरवला, अंगठ्याचा वास घेतला, पुन्हा फिरवला. असा अर्धा तास गेला. माझा हात भरून आला तरी टॉर्च खाली घ्यायची मला हिंमत झाली नाही.

"दोन गोष्टी दिसल्या," त्या म्हणाल्या. "एक संचालकांना सांगण्याजोगी आहे. चल."

४

संचालकांच्या खोलीत एजे बसल्या नाहीत. शाळेत शिकवायच्या तशाच उभ्या राहून बोलल्या.

धडावर एक तिरपा पट्टा गडद निळा आहे, बाजूचा रंग उन्हानं फिकटलाय. गडद पट्ट्याची रुंदी गळ्यात अडकवायच्या चामडी पट्ट्याइतकी आहे, त्यांनी मोजली होती. १९९० ते ९८ गिटार वरच्या मजल्यावर दक्षिणेच्या खिडकीसमोर टांगलेली होती आणि चामडी पट्टा तिच्यावर तिरपा लोंबत असे. अठ्ठ्याण्णवपासून ती सहाव्या दालनात आहे. तिथे खिडकीच नाही, आणि पट्टा वेगळ्या पेटीत. तेव्हा हे ऊन या धडानं अठ्ठ्याण्णवच्या आत खाल्लेलं आहे. एलनुरा इथे आली ती दोन हजार सातमध्ये.

मला एवढं हायसं वाटलं की सांगता येत नाही. एलनुरा सुटली, आणि मला काहीच करावं लागलं नाही.

पण तालाय एर्किनोविच मूर्ख नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एजे, जुना रंग नव्यासारखा आणि नवा रंग जुन्यासारखा करणं हेच तर तिचं काम. गेल्या वर्षी तिनं दीडशे वर्षांच्या खोगिराचा तुकडा असा जोडला की मला जोड सापडेना. तिला एक पट्टा रंगवायला किती वेळ लागेल? तुमचा पट्टा हा तर्क झाला. माझ्याकडे कागद आहे. कागदावर चार किलो तीनशे पन्नास आहेत."

एलनुराच्या हातातलं कसब असं तिच्यावरच उलटलं. आता तिच्या विरुद्ध काय उरलं, तर माझं अक्षर.

जिन्यात बुरुल एजे थांबल्या.

"जोलदोश, तू तोलली होतीस?"

"हो."

"कोणत्या काट्यावर?"

"तळघरातल्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, आणि तेच जड जात होतं. "नववीत लोलकाचा प्रयोग होता. सगळ्यांचे आकडे थोडेफार चुकले होते, चुकायलाच हवेत. तुझा आकडा पुस्तकातल्या उत्तराशी तंतोतंत जुळला. मी तेव्हा काही बोलले नाही. म्हटलं, हुशार मुलगा आहे, चारचौघांत कशाला लाज काढायची."

"एजे, मी तोलली होती," मी म्हणालो.

त्या खाली उतरून गेल्या. दोनदा विचारलं आणि मी तीनदा खोटं बोललो, तेही चोपन्नाव्या वर्षी, आपल्या शिक्षिकेसमोर.

बुधवारी दुपारी एलनुरानं माझ्यासाठी डबा पाठवला. वर चिठ्ठी होती: बाइके, तुम्ही माझ्या काळजीनं जेवत नाही असं कळलं. आत लग्मान होता, मिरचीचा ठेचा वेगळा बांधून दिलेला. मी तो सगळा खाल्ला. डबा धुऊन परतही पाठवला.

५

गुरुवारी सकाळी एजेंनी मला जिपारच्या घरी चल म्हटलं. का, ते सांगितलं नाही.

जिपार सुयुनची धाकटी बहीण, सत्तावन्न वर्षांची, संगीतशाळेत कोमुझ शिकवते. आम्हाला बघून तिनं तोंडभर स्वागत केलं, दस्तरखान पसरला, जाम, लोणी, बोरसोक मांडले. माझ्या वाटीत चहा रीतीप्रमाणे थोडा थोडा ओतत राहिली. चोरीचं तिच्या कानावर आलं होतं. तिनं तो विषय काढला नाही, आणि तो न काढण्याची तिची धडपड दिसत होती.

एजेंनी वाटी खाली ठेवली. "जिपार, ते धड सुयुननं स्वतःच बदललं. ते मला कळलंय. का बदललं, तेवढं सांग."

जिपारचा हात किटलीवरच राहिला.

"वरच्या कडेचा रंग लाकडापर्यंत झिजलाय," एजे म्हणाल्या. "आणि झिजलेलं लाकूड घामानं गुळगुळीत झालंय, तेलकट. असं लाकूड रंगाच्या कुंचल्यानं होत नाही. रोज कोणीतरी तासन्‌तास त्यावर हात टेकून वाजवलं पाहिजे, निदान दोन उन्हाळे. चोरानं खोटं धड आणून ठेवलं असतं तर ते कोणी वाजवलं असतं? संग्रहालयात आल्यावर तर त्याला कोणी हात लावला नाही. म्हणजे ते आलं तेव्हाच झिजलेलं होतं. याकोव गेला एप्रिल सत्त्याऐंशीत. सुयुन गेला ऑगस्ट एकोणनव्वदमध्ये. मधे दोन उन्हाळे पुरते बसतात."

जिपार आधी एजेंकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. तिला कसलं तरी नवल वाटत होतं. मग तिनं सांगायला सुरुवात केली. अधूनमधून ती दाराकडे बघायची, जणू घरातलं आणखी कोणी ऐकेल.

ओंडके गेले तेव्हा वडील ओरडले नाहीत. त्यांनी लाकूड तासायचा वाकस भिंतीवर टांगला आणि नऊ वर्षं कोमुझ केलं नाही. गिऱ्हाईक आलं की डोळ्यांनी दिसत नाही म्हणायचे. सगळा गाव सुयुनच्या गिटारचं कौतुक करायचा, त्या लाकडाची गाणी व्हायची, आणि घरात ते लाकूड चोरीचं आहे हे चौघांना ठाऊक होतं. मुलानं बापाकडे चोरी केली, हे बाहेर कसं सांगणार?

"याकोव वर्षभर काही न सांगता निघून गेला, तेव्हा सुयुन दोन दिवस झोपून होता. मग उठला आणि म्हणाला, न विचारता नेलं की मागे काय उरतं ते मला आता कळलं. त्यानं स्क्रू काढले. धड वडिलांपुढे ठेवलं आणि अंगणातल्या पॉप्लरचं नवं कापलं. तोच आकार, तोच रंग. लोकांना सांगू नका म्हणाला, त्यांना जर्दाळूच हवा असतो."

"आणि वडील?" एजेंनी विचारलं.

"ते धड कोमुझाच्या कामाचं कुठे राहिलं होतं, कापून कापून. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वाकस उतरवला. त्या धडाच्या, तारा पिळायच्या खुंट्या केल्या. मरेपर्यंत जे कोमुझ केलं त्याला त्याच लाकडाच्या खुंट्या. माझ्या शाळेत आहेत, नारिनला आहेत, कुठेकुठे गेल्या." ती माझ्याकडे वळली. "पण हे तुम्हाला ठाऊकच होतं ना, जोलदोश?"

मला तिचं म्हणणं कळेना.

"आम्ही गिटार घेऊन आलो तेव्हा आईला नीट बोलवेना," ती म्हणाली. "बाहेर येताना मला म्हणाली, संग्रहालयात वस्तू तोलतात, तो मुलगा तोलेल, विचारेल, मग सांगू. आम्ही महिनाभर वाट पाहिली. मग पाटी लागली, तिच्यावर जर्दाळू लिहिलेलं. आई पाटीसमोर उभी राहून रडली. म्हणाली, शिकलेला मुलगा आहे, त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं आपली लाज राखली. दर नोरुझला पहिली बरणी त्याची, असं तिनंच सांगून ठेवलंय."

अठ्ठावीस बरण्या मी खाल्ल्या होत्या. एजे माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या विणकाम काढून बसल्या होत्या. त्यांनी मला इथे कशाला आणलं ते मला तेव्हा समजलं. त्यांना माझं वाक्य ठाऊक होतं, पण ते त्यांना माझ्या तोंडून हवं होतं.

"मी तोलली नव्हती," मी म्हणालो. "कळलं वगैरे काही नव्हतं. वर्तमानपत्रातला आकडा उतरवला आणि जेवायला गेलो."

जिपारनं किटली खाली ठेवली.

"आई हे ऐकायला नाही," ती म्हणाली, "बरं झालं."

मला चहा पुन्हा ओतला गेला नाही. आमच्याकडे पाहुण्याची वाटी रिकामी ठेवत नाहीत.

६

शुक्रवारी समितीपुढे एजेंनी झिजलेली कड दाखवली, पट्टा दाखवला, तारखा फळ्यावर लिहिल्या. फ्रीझेन मागच्या बाकावर बसला होता. 'न सांगता निघून गेला' हे शब्द आले तेव्हा त्यानं टोपी तोंडावर धरली. जिपार आली नव्हती, पण सगळं सांगा असा तिचा निरोप होता. एलनुराच्या नावावर डाग नको, आमचं झाकलेलं उघडं झालं तर होऊ दे.

संचालकांनी तेच विचारलं जे विचारायला हवं होतं. गिटार आली तेव्हाच पॉप्लरची होती, तर कार्डावर चार किलो तीनशे पन्नास कसे?

मी उभा राहिलो आणि सांगितलं. काटा, किल्ली, कात्रण, लग्मान, सगळं. सोमवारपासून मला हे ठाऊक होतं, तेही सांगितलं, कारण कोणी विचारायच्या आत ते सांगायचं असं मी रात्री ठरवलं होतं. चोरी झालीच नव्हती. गिटार खरी होती. सुयुननं शेवटची दोन वर्षं जी वाजवली तीच ती. सगळ्या इमारतीत खोटी वस्तू एकच होती, ती म्हणजे माझं कार्ड.

संचालकांनी लेखी खुलासा मागितला, प्रदर्शनाची पाटी बदलायला सांगितली आणि एलनुराची सर्वांसमोर माफी मागितली. ते माझ्याशी एक शब्दही जास्त बोलले नाहीत. बुरुल एजे जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवतील असं मला उगाच वाटत होतं. त्यांची पाळी सुरू व्हायची होती, त्या निघून गेल्या.

मी भांडारात जाऊन एलनुराच्या किल्ल्या ड्रॉवरमधून काढल्या. ती दारात उभी होती.

"सोमवारी मी किल्ल्या द्यायला आले, तेव्हा ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"मी म्हणाले की मलाच वाटतंय मी काहीतरी केलं, तेव्हाही?"

"हो."

"आणि बुधवारी डबा पाठवला, तेव्हा?"

मी होकारार्थी मान हलवली. मला वाटलं, आता ती रडेल किंवा ओरडेल, आणि मी दोन्हीसाठी तयार होतो. माफीचे शब्दही जुळवून आणले होते. तिनं किल्ल्या घेतल्या, एकेक करून मोजल्या आणि खिशात टाकल्या. तिची नजर माझ्या पाठीमागे गेली. तिथे कार्डांची कपाटं आहेत, नव्वदपासून पुढची, सगळी माझ्या सुबक अक्षरातली. तिचं रोजचं काम त्या कार्डांवरच चालतं. कोणतं लाकूड, किती जुनं, किती वजनाचं, ते तिथे वाचून ती औषध ठरवते, डिंक ठरवते.

"जोलदोश इमानकुलोविच," ती म्हणाली. अकरा वर्षांत तिनं मला असं कधी म्हटलं नव्हतं. "अशी आणखी किती आहेत?"

मी कपाटांकडे वळलो. काही तोलली होती, नक्की तोलली होती. काही नव्हती. कोणत्या दिवशी काटा वर होता, कोणत्या दिवशी भूक लागली होती, काही आठवेना. या एकाच प्रश्नाचं खरं उत्तर द्यावं असं मला मनापासून वाटत होतं.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.